काढायची राहिलेली झडी

१

आमच्या तोंडवलीत पाऊस वरून पडतो त्यापेक्षा आडवा जास्त येतो. समुद्र पश्चिमेला, वाराही पश्चिमेचा, आणि मध्ये अडवायला सुरूची झाडं सोडली तर काही नाही. म्हणून घराच्या त्या अंगाला, पडवीच्या खांबांना, माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधतात. जमिनीपासून थेट वळचणीपर्यंत. त्याला आम्ही झडी म्हणतो. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या काठ्या, झाप आणि सुंभ, एवढंच सामान. पण नीट बांधली तर चार महिने भिंतीला थेंब लागत नाही.

हे काम मी बारा वर्षांचा असल्यापासून करतो. आता चौऱ्याहत्तर झाली. शाळा चौथीपर्यंत, पुढे हात झापांतच राहिले. हल्ली लोक निळं प्लास्टिक लावतात, पत्रे ठोकतात. तरी वाडीतली आठ-दहा घरं अजून मला बोलावतात. शिवाय होमस्टेवाले. त्यांना झडी पावसासाठी नको असते, पाहुण्यांना फोटो काढायला हवी असते. असो.

बांधण्याचा दिवस ठरलेला नसतो. मृग लागायच्या आत झाली म्हणजे झालं. काढण्याचा मात्र ठरलेला, दसरा. माझे वडील सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी झडी सोडायचे. झापांत वाळवी धरते, जनावर बसतं, म्हणून. उघडी पडलेली भिंत उन्हात वाळू द्यायची आणि जुने झाप न्हाणीच्या चुलीत घालायचे. साठ वर्षांत मी हे एकदाही चुकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी चुकलं. पाऊस दिवाळीपर्यंत लांबला. लोकांच्या झड्या मी भिजत भिजत काढल्या आणि आमची राहिली. मग एक दिवस कोयती घेऊन निघालो, तर रुक्मिणी आतून म्हणाली, "रवांदे ओ ती. सांजचा ऊन थेट माझ्या खाटीर येता... सावळी तरी गावतली."

रुक्मिणी माझी बायको. तिला बावीस वर्षं दमा आहे. तिची खाट पश्चिमेच्या खोलीत, खिडकीखाली. तिनं काही मागितलं तर मी नाही म्हणत नाही. मुळात ती मागते कुठे?

झडी राहिली.

२

शिमग्यात मीठ पाझरलं.

पश्चिमेच्या त्या खोलीतच आमची बेगमी असते. मिठाची बरणी, सोलं, सुक्या मासळीचा डबा. सकाळी पेजेला मीठ काढायला गेलो, तर बरणीच्या तळाला दोन बोटं पाणी. काडेपेटी उघडली, तर तीन काड्यांची गुलं नुसती पुसली गेली. आणि खोलीत वास होता. आषाढात दोरीवर घातलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत, त्यांना येतो तो.

"झाकण उघडां ठेवलस काय गो?"

"मी खंय उठतंय?" रुक्मिणी म्हणाली आणि श्वासासाठी थांबली. ती कुठलंही वाक्य दोन तुकड्यांत बोलते. मधल्या फटीत मी थांबतो. "पावसात मीठ पाझारताच."

"पावस खंय आसा? शिमगो आसा."

"मगे ह्यो आवाज कसलो?"

मी कान दिला. पत्र्यावर पाऊस वाजतो तो वेगळा आणि झापावर वाजतो तो वेगळा. झापावरचा आवाज मऊ असतो. सुपात कोणी हळूहळू तांदूळ घोळवावेत तसा. हा आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. तोच होता. खिडकीपलीकडे, झडीवर.

मी वळसा घालून बाहेर गेलो. लख्ख ऊन. झडीला हात लावला तर झाप कडक वाळलेले, बोटांना धूळ लागली. वर एक कावळा बसला होता, चोच उघडी टाकून. परत आत आलो. आवाज होता. पुन्हा बाहेर गेलो. नव्हता.

"वाळवी आसा," मी रुक्मिणीला सांगितलं. "झाप खाता."

"हां," ती म्हणाली. वाद नको असला की ती असंच हां म्हणते.

मला मिठाची काळजी नव्हती. गेल्या नारळी पौर्णिमेला तिचा श्वास अडकला होता. बाहेर धो धो पाऊस, फोनला रेंज नाही. तिला खाटेवर एकटी टाकून मी रिक्षेसाठी रस्त्यापर्यंत पळालो होतो. परत आलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, खोली कोरडी ठेवा. अशी ओल पुन्हा छातीत गेली, तर मी काही सांगू शकत नाही."

खोली कोरडी ठेवायची. एवढं एकच काम मला दिलं होतं, आणि तेही मला येणारं.

३

शेजारच्या सत्यवानाला बोलावलं. तो गवंडी. हुशार आहे, पण तोंड फार.

तो कौलांवर चढला, उतरला, विहिरीची जागा बघावी तसा भिंतीला तळवा लावून उभा राहिला. "दाजीनू, घरात बाव खणूचो इचार आसा काय?"

"मस्करी पुरे. खंयसून येता तां सांग."

"कौलां शाबूत. नळ हेच्या जवळपास नाय. समुद्राची हवा ही. चिरो पाणी ओढता."

"साठ वर्सां नाय ओढल्यान तां?"

"चिरोय म्हातारो होता. तुमी नाय झालास?"

खाटेवरून रुक्मिणी हसली, हसताना खोकली. सत्यवान ओशाळला. "काकी, वायच दमान."

"आणि आवाज?" मी विचारलं.

"कसलो आवाज?"

"कान दी."

त्यानं कान दिला. मग थैली उचलली आणि म्हणाला, "फॅन लावा." चहा झाला होता, पण नको म्हणाला. दारात पोचल्यावर त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून डोकं खसाखसा पुसलं, मान पुसली, टॉवेल पिळायला गेला आणि थांबला. टॉवेल कोरडा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

पुन्हा बोलावलं तेव्हा त्याला कणकवलीला काम लागलं होतं.

४

गुरुदासला फोन केला. तो आमचा झील, मुलगा; नालासोपाऱ्याला असतो.

"बाबा, मी फोनार बघतंय. तोंडवलीत आज पस्तीस डिग्री. पावस शून्य टक्के."

"अरे, भायर नाय पडत. खोलयेत पडता."

त्यानं फोन बाजूला धरला. मग बायकोशी काहीतरी बोलला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुमी जेवतास मां वेळेर?"

पण पोरगा चांगला आहे. आठ दिवसांत त्यानं हवेतली ओल ओढून घेणारं एक मशीन पाठवलं. खोक्यावर लिहिलं होतं, टाकी भरायला एक दिवस लागतो. खोलीत लावलं तर तासाभरात भरून ओरडायला लागलं. ओतलं. पुन्हा तासानं ओरडलं. तेच मशीन लोट्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत लावलं, तर संध्याकाळपर्यंत पेलाभर पाणी जमलं. पुन्हा खोलीत नेलं. दिवसाला तीन बादल्या. मी त्या माडाच्या आळ्यात ओतत होतो. सत्तर पार झालेला माणूस वैशाखाच्या तोंडावर घरातून पावसाचं पाणी उपसतोय.

"मशीन खराब निघाला," गुरुदास म्हणाला. "परत करूया."

"पाणी खरा आसा रे. बादलीत आसा."

"बाबा, समुद्राकाठी हवा दमटच असता."

तो म्हणाला ते खरं होतं. सत्यवान म्हणाला तेही खरं होतं. चिरा पाणी ओढतोच. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, या वयात कानात आवाज येतात, तेही खरंच असणार. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं आणि माझी बादली भरत होती. मला नीट सांगता येत नाही, हे माझं जुनं दुखणं. शब्द यायच्या आत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

झडी काढायचं तेव्हाच मनात आलं होतं. पण आवाज वाळवीचा असं मी सांगून बसलो होतो, आता पाऊस म्हणून झडी काढायची कशी? आणि बाहेर चाळीसला टेकलेलं ऊन. झडी गेली तर ते तिच्या खाटेवर.

खोलीतला पाऊस वाढत होता. आधी मृगाचे मोकळे थेंब. मग सरी. मग आठ दिवस एकसारखी झड, बेडकांसकट. मग दोन दिवस उघडीप, त्या दोन दिवसांत मशीन गप्प. रुक्मिणीचा खोकला परत आला. मी तिची खाट लोट्यात हलवली. बाजारातून येऊन बघतो, तर ही परत पश्चिमेच्या खोलीत, जमिनीवर चटई टाकून पडलेली.

"कित्याक गेलस गो थंय?"

"तुमी माका उनात घालतास... हय गार आसा."

"डॉक्टरीणीन काय सांगल्यान?"

"पावस लागलो म्हणान कोण... घर सोडता?"

मी रागावलो. आयुष्यात दुसऱ्यांदा रागावलो असेन. भांडं आपटलं. मग तिच्या अंगावर कांबळं घातलं. कांबळं ओलसर लागलं, म्हणून काढलं. मग काय घालावं ते सुचेना, तसाच उभा राहिलो. ती जमिनीवर नको म्हणून खाटही परत खिडकीखाली नेली.

५

वैशाखातली गोष्ट. दुपारचे चार. मी तिला पंप देत होतो, दम्याचा.

बाहेर माड पडला.

माड पडताना आधी मुळं फाटतात, गोणपाट फाडावं तसा आवाज होतो. मग वरून झाप सळसळत येतात. मग धप्प. इथं धप्पबरोबर पत्राही वाजला. आणि लगेच सत्यवानाची आई ओरडली, "माड इलो रेऽऽ! कोण आसात काय खालीऽऽ?"

मी पंप तिच्या हातात ठेवला आणि धावलो. पुढच्या दारानं, वळसा घालून, सत्यवानाच्या शेडीपर्यंत.

शेड उभी होती. शेजारी माडाचा खुंट होता, जुना, वाळलेला. तो माड गेल्या वर्षी नागपंचमीला पडला होता, शेडीच्या पत्र्यावर, दुपारी चार वाजता. मी तेव्हाही असाच धावलो होतो. आणि सत्यवानाची आई मार्गशीर्षात वारली. तिला खांदा दिलेल्यांत मी होतो.

उन्हात उभा राहून मी बोटं मोजायला लागलो. मृगाचे थेंब. सरी. आठ दिवसांची झड. दोन दिवस उघडीप, तेव्हा मी भात लावायला गेलो होतो. पावसाळे सगळे सारखेच असतात, मी मनाला म्हटलं. पण ते सारखे नसतात. साठ वर्षं त्यांच्यापुढे झाप बांधणाऱ्याला तरी ते वेगळे कळतात. हा गेल्या वर्षीचा होता. क्रमानं येत होता.

नागपंचमीपासून नारळी पौर्णिमा दहा दिवसांवर.

घरी परतलो तर रुक्मिणी लोट्यात खुर्चीवर बसलेली. केस विंचरलेले. चेहऱ्यावर टवटवी.

"खंय गेल्लास धावत?" ती म्हणाली. "मी आजपासून हयच निजतलंय. तुमचाच आयकतंय."

मला इतकं हलकं वाटलं की मी पायरीवरच बसलो.

६

ते दिवस चांगले गेले. हे कबूल करायला हवं.

तिचा खोकला गेला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः भात घातला. तिसऱ्या दिवशी अंगण झाडलं. बावीस वर्षांत मी तिच्या हातात झाडू बघितला नव्हता. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली. "छाती अगदी मोकळी आहे. काय केलंत आजोबा?"

"लोट्यात हलवली," मी सांगितलं. मला अभिमान वाटला.

सत्यवान कणकवलीहून आला. कुंपणावरून म्हणाला, "काकी तरणी झाली, दाजीनू. आता तुमी जपा, नायतर तुमका सोडून जायत."

"तेंका कोण घेता?" रुक्मिणी आतून म्हणाली. "म्हणान तर मी रवलंय."

आम्ही तिघं हसलो.

मी तिला एकदा सहज विचारलं, खोलीत पावसाचा आवाज येतो का अजून.

"खंयचो पावस? वैशाखात पावस पडता काय खंय? तुमी त्या खोलयेत बसान बसान डोक्यात घेतलास, आता दार ओढून घेवा आणि माका सोलां काढून देवा, कढी करतंय."

एवढं सगळं ती बोलली आणि मी अजून तिच्या पहिल्या शब्दांशीच होतो. सवय असते ना. ती थांबते तिथे मी थांबतो. आता मी थांबायचो आणि ती पुढे निघून गेलेली असायची. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं व्हायचं. पण दमा बरा झाला म्हणजे बाई सलग बोलणारच. त्यात काय?

ती त्या खोलीत एकदाही गेली नाही. काही हवं असलं तर मला पाठवायची. तेही बरंच होतं.

मशीन मी बंद केलं. दार ओढून घेतलं. आणि रोज सकाळी, कोणाला न सांगता, एक बोट मोजत राहिलो.

७

दहाव्या दिवशी दुपारी मी पुन्हा सोलं काढायला खोलीत गेलो.

आत अंधारून आलं होतं. बाहेर बारा वाजता सूर्य डोक्यावर, आणि आत दिवा लावायची वेळ झाल्यासारखं. झडीवर पाऊस नुसता कोसळत होता. मी त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. बरणीत हात घातला.

पावसाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. गंजलेल्या बिजागरीसारखा. हा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, बावीस वर्षं. गेले नऊ दिवस मला झोप नव्हती. का, ते तेव्हा कळलं.

वारा असेल, मी म्हटलं. झापांच्या फटीतून वारा शिरला की शीळ वाजते. पण हातातल्या सोलांचा सुटलेला कागदही हलत नव्हता. मशीन बंद होतं. लोट्यात रुक्मिणी मासळीवालीशी घासाघीस करत होती. "वाट्याक चार बांगडे दी, तीन कसले देतस, गेल्या हप्त्याक पाच दिल्लस," असं एका दमात. ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. आणि दोन आखूड, एक लांब, खाटेवरून.

खाट रिकामी होती. गादीवर ओलाव्याचा मोठा डाग होता. मी काठावर बसलो. दुसऱ्या काठाला गादी दबलेली होती.

"रुक्मिणी?" मी हळूच म्हटलं.

श्वास थांबला. माणूस ऐकायला थांबतो तसा. मग पुन्हा सुरू झाला, घाईनं.

मी सोलं तिथेच टाकली आणि भिंतीवरची कोयती घेतली.

लोट्यातून जाताना तिनं विचारलं, "कोयती कित्याक?"

"झडी काढतंय."

"आज?" ती बांगडे निवडत होती, वर न बघता बोलली. "तीन आठवड्यांनी मिरग. परत नवी बांधतलास तेव्हा जुनी काढा, आता भर उनात कित्याक तरास."

तेही खरंच होतं. इतके दिवस सगळ्यांचं ऐकून ऐकून माझ्या जवळ काही उरलंच नव्हतं, फक्त तो आवाज.

"काढूची रवली ती," मी म्हटलं. "काढतंय."

मी पायरी उतरलो तरी ती बांगड्यांवर वाकलेलीच होती.

८

पश्चिमेच्या अंगाला वाळू तापून पांढरी झाली होती. झडी कोरडी ठणठणीत. सुंभाची पहिली गाठ मीच बांधलेली, माझ्या हाताची. ती कापली. वरचा झाप खाली आला, धुरळा उडाला. दुसरी गाठ. दुसरा झाप. माझ्या छातीएवढी फट पडली.

फटीतून गार हवा आली, चेहऱ्यावर तुषार आले.

आत डोकावलो. झडी आणि भिंत यांच्या मधल्या पडवीत पाऊस पडत होता. वर वळचण होती, तरी पडत होता. पलीकडे खिडकीचे गज, आणि गजांपलीकडे खोली. मी आत्ताच जिथून आलो ती. तिथे चिमणी लावलेली होती. गेल्या नारळी पौर्णिमेला वीज गेली होती, मीच ती लावून ठेवून रस्त्याकडे पळालो होतो.

खाटेवर रुक्मिणी होती. उठून बसायला बघत होती. निळी पडलेली. तिचं तोंड खिडकीकडे वळलं. तिनं मला ओळखलं. बोलायला श्वास नव्हता, म्हणून तिनं नुसता हात पुढे केला, गजांकडे.

मी फटीतून हात घातला. खांदा झापांना घासला, पण गजांपर्यंत पोचलो. पाठीवर वैशाखाचं ऊन आणि खांद्यापासून बोटांपर्यंत हात पावसात. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती. मी ती धरली. मनगटाजवळ तिची नाडी धावत होती, आणि त्या धावण्यातही तो हिशेब सुटला नव्हता. दोन आखूड, एक लांब.

"मी आसंय गो," मी म्हटलं. "मी हय आसंय. रिक्षा येता."

मागे वाळूत पावलं वाजली.

"कोणाशी बोलतास?"

रुक्मिणीचा आवाज. हातभर अंतरावर. आवाजात राग नव्हता, उलट माया होती. बांगड्यांचा वास आला.

मला वळता आलं असतं. मान नुसती फिरवायची होती.

"सोडा तिचो हात," ती म्हणाली. "पंप देवन धावलास त्या दिसाक पण तुमी सोडलास म्हणानच मी उठलंय, आता परत धरून बसलास तर दोघांतला कोणच उरूचा नाय, आयका माझा, सोडा आणि घराक चला, कढी निवता."

सगळं एका श्वासात.

मी सावकाश माणूस आहे. मला विचार करायला वेळ लागतो, आणि सगळी माणसं तेवढ्यात पुढे जातात. मी त्या वाक्यात थांबायची जागा शोधत राहिलो. एकही नव्हती. तिचं म्हणणं खरं असेल. या दोन महिन्यांत कोणाचं म्हणणं खोटं होतं? गेल्या वर्षीही मी हात सोडूनच रस्त्याकडे पळालो होतो, आणि परत आलो तेव्हा खाटेवर कोणीतरी होतं, आणि ते कोणीतरी अकरा दिवसांनी माझ्याबरोबर घरी आलं होतं.

आतली बोटं सैल पडायला लागली. श्वास लांबला. एक आखूड राहिला.

मागे, मी कापून टाकलेल्या वाळल्या झापावर एक पाऊल वाजलं. मग दुसरं.

मी कोयती टाकली आणि दुसरा हातही आत घातला.